सर्टिफिकेटवरची ‘ॲरे’ कोण?

फेस्ट संपून चार दिवस झाले होते. प्रेसमधून सर्टिफिकेटचा गठ्ठा आला. मैत्रिणीनं सगळ्यात वरचं उचललं आणि मोठ्यानं वाचलं, “ग्रुप डान्स स्पर्धेत सहभागी झाल्याबद्दल कु./श्री. ॲरे यांना...” आम्ही हसलो. दुसरं उचललं, त्यावरही ॲरे. मग नाटिकेचं काढलं, तिथंही ॲरेच.

“काय बे, ही ॲरे सगळ्याच इव्हेंटला होती का?”

सोलो गायन, रांगोळी, वक्तृत्व यांची सर्टिफिकेटं एकदम ओके होती. जिथं टीम होती, तिथंच घोळ होता. टीमला मिळून एकच सर्टिफिकेट आणि त्यावर सगळ्यांची नावं, असं आमचं ठरलं होतं (कारण बजेट!). अशा 62 टीम होत्या, आणि 62 सर्टिफिकेटांवर रोमन लिपीत एकच शब्द छापला होता.

वेबसाइट बनवली होती आमच्याच एका मित्रानं. तो बीएस्सी ईसीएसच्या तिसऱ्या वर्षाला. त्यानं लॅपटॉप उघडून डेटाबेस पाहिला आणि गप्पच झाला. प्रेसवाल्याची काहीच चूक नव्हती. डेटाबेसमध्येही नावांच्या जागी ‘ॲरे’ एवढंच साठवलेलं होतं. खरी नावं कुठंच नव्हती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. फॉर्म लाइव्ह करण्याआधी तो मीच तपासला होता. पहिल्या पानावर नावं भरली, दुसऱ्या पानावर “तुमची माहिती तपासा” म्हणून चारही नावं नीट दिसली, तिसऱ्या पानावर “धन्यवाद” आलं. मग हे झालं कसं? मी मास कॉमची, मला कोड कळत नाही. पण दोन संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून हे समजून घेतलं. कळलं त्याचा सारांश असा.

वेबसाइटची तीन पानं आपल्याला सलग वाटतात, पण सर्व्हरला मागचं पान आठवत नसतं. सरकारी ऑफिसात खिडकी क्रमांक 1 वरचा कागद आपोआप खिडकी क्रमांक 2 वर जातो का? तो आपणच हातात धरून न्यावा लागतो. तसंच इथं. पहिल्या पानावर भरलेलं तिसऱ्या पानापर्यंत न्यायचं, तर दुसऱ्या पानानं ते मुद्दाम हातात धरावं लागतं. त्यासाठी दुसऱ्या पानात न दिसणारे रकाने ठेवतात, त्यांना हिडन फील्ड म्हणतात.

एकच नाव असेल तर अडचण नाही. एका रकान्यात एक नाव. चार नावं आली की ती यादी होते, आणि प्रोग्रॅमिंगमध्ये अशा यादीला म्हणतात ॲरे. मित्रानं साइट पीएचपीमध्ये लिहिली होती. ही भाषा रास्मुस लेरडॉर्फ यांनी 1994 मध्ये स्वतःच्या होमपेजसाठी तयार केली, आज विकिपीडियासुद्धा तिच्यावर चालतो. पीएचपीत चारही रकान्यांना नुसतं ‘मेंबर’ असं नाव दिलं, तर शेवटचा रकाना आधीच्या तिघांवर बसतो आणि एकच नाव पोचतं. म्हणून ‘मेंबर[]’ असा रिकामा चौकोनी कंस लावायचा. मग चौघं ओळीनं, 0, 1, 2, 3 असे नंबर घेऊन सर्व्हरवर उतरतात. हे मित्राला माहीत होतं, त्यानं ते बरोबर केलं होतं.

गडबड दुसऱ्या पानावर झाली. तिथं स्क्रीनवर दाखवताना त्यानं लूप लावून एकेक नाव छापलं, म्हणून मला सगळं छान दिसलं. हिडन फील्डमध्ये मात्र अख्खी यादीच एका फटक्यात छापली. आणि पीएचपीला यादी मजकूर म्हणून छापायला सांगितली, की ती आतली नावं देत नाही, फक्त ‘ॲरे’ हा शब्द लिहून मोकळी होते. तिसऱ्या पानाला तो शब्द मिळाला, त्यानं इमानदारीत साठवला. पीएचपी अशा वेळी इशारा देते खरी, पण लाइव्ह साइटवर असले इशारे स्क्रीनवर दाखवत नाहीत. लॉग फाइल उघडली तेव्हा तिथं ते रांगेनं पडले होते.

उपाय सोपा निघाला, निदान ऐकायला. यादीतल्या प्रत्येक नावासाठी वेगळं हिडन फील्ड, पुन्हा चौकोनी कंसासकट. किंवा यादीचा जेसन नावाचा एक मजकूर करून तो न्यायचा आणि पलीकडं परत उलगडायचा. यात अवतरणचिन्हं असतात, ती नीट झाकली नाहीत तर रकाना मध्येच तुटतो. शिवाय हिडन म्हणजे गुप्त नव्हे. ब्राउजरमध्ये राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ केलं की कुणालाही ते दिसतं, बदलताही येतं. एंट्री फी हिडन फील्डमध्ये ठेवलीत तर कुणीतरी ती 1 रुपया करणारच. (आमच्याकडं कुणी केली नाही. बहुतेक.)

तिसरा उपाय सेशनचा. देवळाबाहेर चपला ठेवल्या की टोकन मिळतं तसं. यादी सर्व्हरजवळ राहते, ब्राउजरकडं फक्त टोकन. मला हाच पटला. पण त्यालाही मुदत असते. नेहमीच्या सेटिंगमध्ये 1440 सेकंद म्हणजे 24 मिनिटं काही हालचाल नसेल, तर सर्व्हर त्या चपला कधीही आवरून टाकू शकतो. आणि एकाच ब्राउजरच्या दोन टॅबमध्ये दोन टीमचे फॉर्म उघडले, तर टोकन एकच. एका टीमची यादी दुसरीवर सांडते.

या सगळ्यात क्रमाचं काय होतं, हे मला त्याच फॉर्ममधल्या चेकबॉक्सनं शिकवलं. जेवणासाठी ‘नॉनव्हेज’चा टिक होता. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउजर पाठवतच नाही. चौघांपैकी दुसऱ्यानं आणि चौथ्यानं टिक केलं, तर सर्व्हरला दोनच टिक मिळतात आणि ते 0 आणि 1 असे नंबर घेऊन बसतात, म्हणजे पहिल्या दोघांच्या नावावर. पहिली होती पक्की शाकाहारी. कंसात नंबर लिहून, ‘नॉनव्हेज[1]’, ‘नॉनव्हेज[3]’ असं दिलं असतं तर हे टळलं असतं.

सोलापुरात वाढलेल्याला हे नवीन वाटायला नको. आपल्या चादरीवरची नक्षी जॅकार्ड मागावर होते. जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये आणलेली ती युक्ती म्हणजे छिद्रं पाडलेली कार्डं एकामागे एक दोऱ्यानं ओवायची. एक कार्ड मागंपुढं झालं की मोराची मान चुकते.

फेस्टचं जेवण चुकलं तर हसून सोडता येतं. पण 2025 मध्ये अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदा राज्यभर लागू झाली. आधी ती मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरती होती. आता संगमेश्वर, दयानंद की वालचंद, हे आपल्याकडची मुलंही 1 ते 10 पसंतीक्रमांत भरतात. नियमित फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. म्हणजे ती दहा नावांची यादीच आहे, आणि पहिल्या जागी कोण आहे यावर दोन वर्षं ठरतात. आमच्या गल्लीतल्या पोरांना मी एवढंच सांगते : फॉर्म भरताना एकच टॅब उघडा, यादी आधी कागदावर लिहून ठेवा आणि सबमिट झाल्यावर निघणारी पीडीएफ कागदाशी ताडून बघा. आधीच्या पानावर नीट दिसलं होतं, यावर मी आता विश्वास ठेवत नाही.

आमची नावं परत मिळवायला तीन दिवस लागले. डेटाबेसमध्ये टीम लीडरचे मोबाइल नंबर शाबूत होते, कारण लीडर एकच असतो. आम्ही दोघींनी 62 फोन केले. एकानं तर उलट मलाच विचारलं, “चौथा कोण होता की आमच्यात?” ग्रुप डान्समधली एक मुलगी परीक्षेनंतर गावी मंगळवेढ्याला गेली होती, तिचं पूर्ण नाव टीममध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, सगळे तिला टोपणनावानंच हाक मारायचे. तिचा फोन लागला तोवर दुसरी छपाई होऊन गेली होती. तिच्या टीमच्या सर्टिफिकेटवर तीन नावं छापलेली आहेत आणि चौथं माझ्या अक्षरात, निळ्या पेननं.