एसी १८ वर, तरी अंग चिकचिकतंय? दमट हवेत वीज नेमकी कुठे जाते ते समजून घ्या

मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा पणजी. मे महिन्याची रात्र. एसी लावला, रिमोटवर थेट १८ केलं, तरी अर्धा तास अंगाची चिकचिक जात नाही. नंतर मध्यरात्री एवढं गार होतं की चादर शोधावी लागते. आणि महिनाअखेरीस वीजबिल बघून जो घाम फुटतो, तो वेगळाच!

आपण समजतो की एसीचं काम म्हणजे हवा थंड करणं. पण समुद्राजवळच्या शहरांत त्याचं त्याहून मोठं काम असतं हवेतलं पाणी बाहेर काढण्याचं. हे एकदा लक्षात आलं की वीज कशी वाचवायची, हे आपोआप कळतं.

हवेत पाणी असतं तरी किती?

मे महिन्यात नागपुरात तापमान ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर १ घनमीटर हवेत साधारण १२ ग्रॅम पाणी असतं. त्याच वेळी मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तेवढ्याच हवेत जवळपास २५ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे दुप्पट! म्हणूनच नागपुरात कूलर झकास चालतो आणि मुंबईत तोच कूलर खोलीचं स्टीमरूम करतो.

आता १० बाय १२ ची, १० फूट उंचीची एक बेडरूम घ्या. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. ती मुंबईची ३३ अंशांची हवा २६ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेवर आणायची आहे. हिशोब असा:

- नुसती हवा ७ अंशांनी थंड करायला साधारण २७५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते.
- त्या हवेतलं जादा पाणी सुमारे ४०० ग्रॅम असतं. त्या वाफेचं पाणी करताना जवळपास १,००० किलोज्यूल उष्णता काढावी लागते.

म्हणजे हवा थंड करण्यापेक्षा ती सुकवायला साडेतीन पट मेहनत! भिंती, छत आणि माणसांची उष्णता यात धरलेलीच नाही. एसीच्या पाइपातून टपटपणारं पाणी म्हणजे तुमच्या बिलातला मोठा हिस्सा आहे.

फटी म्हणजे बॅकग्राउंडला चालणारं ॲप

फोनमध्ये बॅकग्राउंडला एखादं ॲप चालू राहिलं की बॅटरी गुपचूप उतरते. दाराखालची फट, स्लायडिंग खिडकीची सैल पट्टी, जुन्या विंडो एसीचं अर्धवट बुजवलेलं भोक, उघडा राहिलेला बाथरूमचा दरवाजा यांचंही तसंच आहे. खोलीतली हवा तासाला एकदा जरी बदलली, तरी वरचं ४०० ग्रॅम पाणी दर तासाला पुन्हा आत येतं.

दाराखाली लावायची पट्टी आणि खिडकीची फोम टेप हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. पावसाळ्यात ओले कपडे एसीच्या खोलीत वाळत घालू नका. त्यांतलं पाणीही शेवटी एसीलाच उपसावं लागतं.

फरक पडला का, हे बघायचंय? ड्रेन पाइपखाली रात्रभर बादली ठेवा आणि पाणी मोजा. फटी बुजवल्यावर तशाच हवामानात, तेवढेच तास एसी चालवून पुन्हा मोजा. खोली आधीइतकीच कोरडी वाटतेय आणि बादलीत पाणी कमी आहे, म्हणजे गळती कमी झाली.

रिमोटवर नेमकं काय करायचं?

१) २६ आणि पंखा. ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार सेटिंग १ अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी सुरू होताना २४ वरच लागावेत, असा नियमही आहे. २६ ठेवून सीलिंग फॅन मध्यम वेगावर लावा. बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट, जुना ७५ वॅट खातो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना १,५०० वॅटच्या आसपास खातो.

२) १८ केल्याने खोली लवकर सुकत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर १८ वरही तेवढ्याच जोरात चालतो, फक्त थांबत नाही. शिवाय खोली जास्त गार केली की फटीतून येणारी दमट हवा थंड भिंतीवर, कपाटामागे पाणी सोडते आणि तिथे बुरशी धरते.

३) आधी फॅन हाय, मग लो. एसीचा पंखा हळू असला की हवा थंड कॉइलजवळ जास्त वेळ राहते, कॉइल आणखी थंड होते आणि जास्त पाणी सुटतं. खोली गार झाल्यावर एसीचा पंखा लो वर आणा.

४) जुलैत ड्राय मोड. पावसाळी रात्री बाहेर २६-२७ अंशच असतं, त्रास असतो ओलाव्याचा. ड्राय मोडमध्ये पंखा मंद राहतो आणि कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. मे महिन्याच्या भर दुपारी मात्र तो पुरा पडणार नाही, तेव्हा कूल मोडच लावा.

५) फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवा. पाच मिनिटांचं काम आहे. फिल्टर तुंबला की हवाच पुढे सरकत नाही.

नवीन एसी घेताय?

'दीड टनच घ्या, लवकर गार होईल,' हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. पण लहान खोलीत मोठा एसी बसवला की तो पटकन तापमान गाठून थांबतो. पाणी काढायला वेळच मिळत नाही. वर कॉम्प्रेसर बंद असताना पंखा फिरत राहिला, तर कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत उडतं. खोली गार, पण दमट! १०० ते १२० चौरस फुटांच्या, मधल्या मजल्यावरच्या खोलीला बहुतेक वेळा १ टन पुरतो. वर थेट गच्ची किंवा पश्चिमेचं ऊन असेल, तर गणित बदलतं. इन्व्हर्टर एसी वेग कमी करून सलग चालतो, म्हणून इथे तो सोयीचा.

स्टार लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. रोज ८ तास धरले तर २०० दिवस. तुम्ही त्याहून जास्त चालवत असाल, तर जास्त स्टारचे पैसे लवकर वसूल होतात.

यातून पैसे खरंच वाचतात का?

महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत. एसीचे युनिट नेहमीच्या वापराच्या वर चढतात, म्हणजे तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यात. वाचलेलं प्रत्येक युनिटही त्याच महागड्या दराने वाचतं.

एक शेवटची टिप: वेदर ॲपमध्ये नुसतं तापमान बघू नका, दवबिंदूही बघा. तो २४ च्या वर असेल, तर 'जरा हवा खेळू दे' म्हणून एसी चालू असताना खिडकी उघडू नका. आणि काहीशे रुपयांत मिळणारा छोटा हायग्रोमीटर खोलीत ठेवा. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत आली की २६ वरही मस्त झोप लागते.