पोटमाळ्यावरची पेटी

आमच्या पोटमाळ्यावर आठ वर्षे एक खोके होते. वाचकहो, त्यात दागिने नव्हते की घराची कागदपत्रे नव्हती. होती एक ‘आर्केड स्टिक’. म्हणजे पूर्वी व्हिडिओ गेमच्या पार्लरमधल्या उभ्या कपाटाला डावीकडे दांडा आणि उजवीकडे बटणे असत ना, तेवढाच भाग उचलून मांडीवर घ्यायच्या पेटीत बसवलेला. चिरंजीवांनी खाऊच्या पैशांतून ती घेतली आणि 2016 साली, बारावीच्या तोंडावर, मी ती काढून घेऊन माळ्यावर टाकली. परीक्षा झाली, नोकरी लागली, स्वारी बंगळूरला गेली. पेटी परत मागितली नाही. फोन आला तर तो आईला येई, माझ्या वाट्याला “बाबा बरे आहेत ना?” एवढेच.

गेल्या दिवाळीला तो दोन वर्षांनी घरी येणार म्हणून साफसफाई काढली, तेव्हा ते खोके हाती लागले. वरचे चित्र ओल धरून पार फुगले होते. सौ. म्हणाली, “अहो, निदान ते तरी नवे घाला.”

चित्र कोणते, हा प्रश्नच नव्हता. माझ्या आईच्या माहेरचा, सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा आमच्याकडे आहे. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, मिळून 120. आमच्याजवळ त्यांतले एकवीसच उरले आहेत. आजी आणि नातू त्या एकविसांवर स्वतःच्या नियमांनी तासन् तास खेळत. मूळ पत्त्यांना अर्थातच कात्री लावली नाही. स्कॅन करून घेतले.

आता खोलण्याचे काम. दांड्याचा गोळा नुसता पिळला तर दांडाही त्याच्याबरोबर फिरतो. पेटी उघडून दांड्याच्या खालच्या टोकाच्या खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर धरायचा आणि मग वरून गोळा उलटा फिरवायचा, की तो मुकाट्याने सुटतो. तारांना हात लावण्यापूर्वी फोटो काढून ठेवला (आयुष्यात एवढा शहाणपणा मी क्वचितच दाखवला असेल). प्रत्येक बटणाला दोन तारा. एक त्याची स्वतःची. दुसरी काळी, या बटणावरून त्या बटणावर वळचणीच्या दोरीसारखी गेलेली. तार ओढायची नाही, टोकाचा पत्रा धरून काढायचा. बटणाच्या दोन्ही अंगांच्या खिट्या दाबल्या की ते वर निसटते. मग वरची ॲक्रिलिकची काच निघते आणि तिच्याखाली चित्राचा कागद असतो.

माझी कल्पना मोठी नामी होती: बटणे आठ, पत्तेही गोल, तेव्हा प्रत्येक बटणाखाली एकेक अवतार! छापखान्यातल्या मुलाने ए-थ्री कागदावर आधी साधी काळी प्रत काढून दिली. घरी आणून लावली तर एकही भोक जुळेना. यंत्राने चित्र ‘कागदात बसवून’ बारीक केले होते. दुसऱ्या खेपेला ‘मूळ मापात’ काढायला लावले. भोके जुळली, पण 30 मिलिमीटरचे बटण बसताच खालचा देव नाहीसा! वामनाची छत्री तेवढी बाहेर, नरसिंहाची नुसती किनार. सौ. हसत हसत स्वयंपाकघरात गेली.

शेवटी बटणांखाली मोकळी लाल जमीन ठेवली आणि दांडा व बटणे यांच्यामधल्या जागेत एकटा नरसिंहाचा राजा बसवला. नातवाचा तो हुकमी पत्ता. पडद्यावर झगझगणारा लाल कागदावर विटकरी उतरला. पडदा उजेडाने रंगवतो, छापखाना शाईने. दोघांचे लाल एक नव्हे. मला तो विटकरीच बरा वाटला, जुन्या पत्त्यांच्या जवळ जाणारा. कटरने भोके कापली, कागदाच्या कडा थोड्या जास्त ठेवून मागून छाटल्या. काचेवरचा कागद सोलला, तशी घरातली सारी धूळ तिच्याकडे धावली. तीन वेळा पुसली.

धनत्रयोदशीला तो आला. खोके त्याच्या पलंगावर ठेवून मी उगाच वर्तमानपत्र वाचत बसलो. बराच वेळ आत सामसूम. मग टक् टक् आवाज येऊ लागला आणि थांबला.

“बाबा, जरा इकडे या.”

मी गेलो. पेटी पालथी होती, झाकण उघडे. नरसिंहाबद्दल तो काही बोलला नाही; पण पेटीखाली स्वतःची उशी घातली होती, चित्राला ओरखडा पडू नये म्हणून.

“एक काळी तार लोंबतेय. शेवटचं बटण मेलंय.”

“फोटो आहे माझ्याकडे,” मी म्हटले आणि चष्मा शोधू लागलो.

“राहू द्या फोटो. तुम्ही नुसता टॉर्च धरा.”

मी टॉर्च धरला. सौ.ने करंज्या थंड होताहेत म्हणून दोनदा हाक मारली.