करीच्या दिवशी गोळी चुकवली तर?

पोळ्याची कर आली की नांदगाव खंडेश्वरकडच्या गावांत मटणाबरोबर बाटलीही येते. नैराश्यावर औषध घेणारा मग हिशोब करतो: आज गोळी नको, म्हणजे दारू बाधणार नाही. हा हिशोब चुकतो.

नैराश्यरोधक औषधे (मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचा समतोल बदलणारी) डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाहीत. परिणाम जाणवायला 2 ते 4 आठवडे, कधी जास्तही लागतात. संत्र्याच्या बागेतले ठिबक एक संध्याकाळ बंद ठेवले, तर मुळाशी ओल राहतेच. वरचेवर बंद ठेवले, तर झाड सुकते. गोळीचेही तसेच. एक चुकवली तरी औषध रक्तात असते, फ्लुओक्सेटिन तर कित्येक दिवस. वारंवार चुकवली, की चक्कर, बेचैनी आणि आजार उलटण्याची भीती.

दारू स्वतःच मेंदूला मंदावते. घोटभर हुशारी, मग झोपमोड आणि दुसऱ्या दिवशी अधिक खिन्नता. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांसोबत तर गुंगी धोकादायकरीत्या वाढते; अशा वेळी दुचाकी नकोच.

दारू सुटत नाही म्हणून गोळ्या बंद करणे हीदेखील चूक. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. किती पितो हे त्यांना खरे सांगावे. त्यावरही औषधाची निवड ठरते. अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणे जमत नसेल, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते.