आधी क्रियापद, मग पुस्तक

चौथीच्या वर्गात इंग्रजीचा तास सुरू होतो. बाई म्हणतात, "ओपन युवर बुक्स ॲट पेज ट्वेंटी सेव्हन." वर्गात कुणी हलत नाही. क्षणभर थांबून बाई म्हणतात, "सत्ताविसावं पान उघडा." लगेच पानांची सळसळ होते आणि सगळी पुस्तकं उघडतात.

मराठी माध्यमाच्या शाळेत ज्यांनी थोडा काळही घालवला आहे, त्यांना हा प्रसंग नवा नाही. मुलं मंद नसतात, बाईही टाळाटाळ करत नसतात. इंग्रजी वाक्यामागून मराठी वाक्य येणारच, हे मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं. मग पहिल्या वाक्याकडे कान कशाला द्यायचा? बाई दोन्ही भाषा बोलतात आणि मुलं एकच ऐकतात.

महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी शाळेतलं मूल पाचवीत एबीसीडी गिरवायला लागे. म्हणजे आजचं मूल दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी ऐकतं. पण त्या इंग्रजीवाचून त्याचं कधी अडतं का? घरी, शेतात, बाजारात, एसटीत कुठेच नाही. पाठातली मांजर भिंतीवर बसली काय किंवा टेबलाखाली बसली काय, त्याच्या दिवसात काही फरक पडत नाही. "खिडकी लाव, पाऊस आत येतोय" हे वाक्य तसं नसतं. ते कळलं नाही तर वह्या भिजतात. वर्गातल्या सूचना हेच त्या मुलाच्या वाट्याला येणारं एकमेव कामाचं इंग्रजी आहे, आणि आपण ते पाठ सुरू होण्याआधीची खळखळ समजून भाषांतरात घालवून टाकतो. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण हे इंग्रजी फुकट मिळणारं आहे. त्याला संगणक लागत नाही आणि जादा तासही लागत नाही.

सूचना सोप्या असतात, असा आपला समज असतो. मराठी कानाला त्या सोप्या का नसतात, हे नीट पाहायला हवं.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. "पुस्तकाचं सत्ताविसावं पान" एवढं ऐकेपर्यंत मुलाचं मन त्या पुस्तकाशी जाऊन पोचलेलं असतं. काय करायचं ते अखेरीस कळतं: उघडा, वाचा, मिटा. जन्मापासून आपला कान वाक्याच्या शेपटाकडे लागलेला असतो. इंग्रजी सूचनेत याच्या नेमकं उलट होतं. तिथे तोंड उघडताच क्रियापद येतं. मूल सावरून ऐकू लागेपर्यंत 'ओपन' निघून गेलेला असतो आणि त्याच्या हाती 'ट्वेंटी सेव्हन' तेवढं उरतं. या सत्तावीसचीही वेगळी अडचण आहे. आपण आधी सात म्हणतो आणि मग वीस, इंग्रजी आधी वीस म्हणतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात कोण बरोबर होतं ते बाजूला ठेवू, पण दोन भाषांच्या दोन चाली एकाच डोक्यात सांभाळणं सोपं नसतं, एवढं त्यातून दिसलं. म्हणून 'ओपन'च्या आधी छोटासा थांबा हवा. आधी "चिल्ड्रन" म्हणून हाक मारावी, सगळ्यांचे डोळे वर येऊ द्यावेत आणि मग सूचना द्यावी. पानाचा आकडा फळ्यावर लिहावा. फिफ्टीन आणि फिफ्टी यांतला फरक मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.

कामांच्या क्रमाचंही असंच आहे. मराठी माणूस कामं ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने सांगतो: "वही काढून, तारीख घालून, मग उत्तर लिहा." आपलं 'ऊन' हे प्रत्ययाचं रूप एकेक काम ओळीने ओवत जातं. एकदा वर्गात मी मुलांना म्हटलं होतं, "राइट द आन्सर्स आफ्टर यू रीड द पॅसेज." निम्म्या वर्गाने उतारा न वाचताच लिहायला सुरुवात केली आणि मी त्यांच्यावर रागावलो. पुढे घरी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की मुलांनी अगदी चोख ऐकलं होतं. मी 'राइट' आधी म्हणालो होतो, म्हणून त्यांनी आधी लिहायला घेतलं. "फर्स्ट रीड. देन राइट." एवढंच म्हणायला हवं होतं.

नकाराचं तर विचारूच नका. "बघू नका" यात 'नका' शेवटी ठाम उभा असतो. 'डोंट लुक' मधला 'डोंट' सुरुवातीला घाईत उच्चारला जातो, त्यातला 'ट' गिळला जातो आणि मुलाच्या कानात 'लुक' घुमतो. त्यामुळे "डोंट राइट नाउ" म्हणण्यापेक्षा "पेन्सिल्स डाउन" म्हणून आपली पेन्सिल खाली ठेवून दाखवली तर काम होतं.

शिवाय क्रियापदाच्या मागे उभे राहणारे ते बारके शब्द. लुक ॲट, लुक अप, लुक फॉर. पुट ऑन, पुट डाउन, पुट अवे. गिव्ह आउट, गिव्ह इन. मोठा शब्द तोच राहतो आणि अर्थ मात्र शेवटच्या इवल्या शब्दाच्या हाती असतो. मोठी माणसंही यात अडखळतात. पण मराठी मुलाला ही तऱ्हा अगदीच परकी नाही. 'लिहून काढ', 'लिहून टाक', 'लिहून ठेव', 'लिहून दे' यांतला फरक त्याला कुणी व्याकरणातून शिकवलेला नसतो. आजी "लिहून ठेव" म्हणाली की पुढे कधीतरी तो कागद लागणार आहे, आणि ताई "टाक एकदाचं लिहून" म्हणाली की तिला घाई आहे, हे त्याला कानाने कळलेलं असतं. 'पुट डाउन' आणि 'पुट अवे' हेही कानानेच कळायला हवेत, दप्तर खाली ठेवता ठेवता आणि खडूचा डबा कपाटात ठेवता ठेवता.

आपल्या शाळेच्या मैदानावर हे रोज होतं. परिपाठाला 'सावधान' म्हटलं की पहिलीतलं पोर टाचा जुळवतं आणि 'विश्राम' म्हटलं की पाय फाकवतं. कवायतीला 'पीछे मुड' ऐकलं की गर्रकन वळतं. हे शब्द काही त्याच्या घरचे नसतात. त्यांचा अर्थ कुणी फळ्यावर लिहून दिलेला नसतो, त्यांचं भाषांतर कुणी पाठ करून घेतलेलं नसतं. चार दिवस शेजारच्याकडे बघून ते करतं आणि पाचव्या दिवशी शब्द त्याच्या अंगात मुरलेला असतो.

भाषा शिकवणाऱ्यांनी यातूनच एक पद्धत उभी केली. हॅरॉल्ड पामर हा इंग्रज भाषाशिक्षक १९२२ साली जपानला गेला आणि तिथल्या शिक्षण खात्याचा सल्लागार झाला. १९२५ साली त्याने आपली मुलगी डोरोथी हिच्या साथीने टोकियोत 'इंग्लिश थ्रू ॲक्शन्स' हे पुस्तक काढलं. त्यात आज्ञा ऐकायच्या आणि हातापायांनी पाळायच्या, असे धडे आहेत. पुढे १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञाने जपानी आणि रशियन भाषांवर प्रयोग करून त्याला 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' असं नाव दिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. तान्हं मूल बोलण्याआधी कित्येक महिने नुसतं ऐकतं आणि सांगितलेलं करतं: टाळी वाजव, चेंडू दे, इकडे ये. मग परकी भाषा शिकणाऱ्यालाही आधी ऐकू द्या, करू द्या, बोलण्याची घाई करू नका. आपल्याकडे पहिल्याच दिवशी "रिपीट आफ्टर मी" सुरू होतं, आणि मूल इमानाने "रिपीट आफ्टर मी" हेच शब्द परत म्हणतं, कारण ही सूचना आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ॲशरच्या पद्धतीसाठी आपल्याला परदेशी खेळ उसना आणायला नको. 'शिवाजी म्हणतो' आपल्या मुलांना चांगलाच ठाऊक आहे. तोच इंग्रजीतून खेळा. "शिवाजी सेज, टच युवर नोज." आधी बाईंनी स्वतः करून दाखवायचं, मग करून न दाखवता नुसतं म्हणायचं. दुसऱ्या टप्प्यात बाईंचा हात नाकाकडे जात नाही आणि मुलाचा जातो, तेव्हा समजावं की मूल आता शब्द ऐकतंय.

नुसतं ऊठ-बस करून मात्र फार पुढे जाता येत नाही. नाकाला हात लावण्यात मुलाचा स्वतःचा काही हेतू नसतो. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत जो प्रयोग केला, तो मला म्हणूनच जास्त मोलाचा वाटतो. बंगलोर प्रकल्प म्हणून तो ओळखला जातो. तिथे व्याकरणाचे धडे नव्हते. नकाशा, रेल्वेचं वेळापत्रक, शाळेचं वेळापत्रक, सूचना ऐकून काढायची आकृती, अशी डोकं चालवायला लावणारी कामं इंग्रजीतून दिली जात. मुलाचं लक्ष भाषेवर नसायचं, काम सोडवण्यावर असायचं आणि भाषा त्याच्या ओघात येत जायची. एका मुलाने बघून वर्णन करायचं, "ड्रॉ अ हाउस, पुट अ ट्री ऑन द लेफ्ट," आणि दुसऱ्याने न बघता चित्र काढायचं, असा खेळ आपल्या कुठल्याही वर्गात पाटी-खडूवर होतो. झाड उजवीकडे गेलं की दोघांनाही कळतं, कुठे चुकलं ते.

सूचना दिल्यावर विचारला जाणारा "अंडरस्टूड?" हा प्रश्न मात्र आपण सोडून द्यावा. त्याला "येस सर" हे एकच उत्तर येतं, आणि ज्याला काहीच कळलं नाही तो ते सगळ्यात मोठ्याने देतो. त्यापेक्षा विचारा, "हाउ मेनी सेंटेन्सेस? थ्री ऑर फाइव्ह?" "अलोन ऑर टुगेदर?" एका शब्दाच्या उत्तरात सगळं उघड होतं. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचं दिसलं. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. ती मुलं आपल्याच भाषेत विचार करत होती. आपल्या मुलाला तर ऐकलेलं वाक्य आधी उलगडायचं असतं. त्याला तीन सेकंदही अपुरे पडतील.

मग मराठी अजिबात बोलायचीच नाही का? असा हट्ट मला पटत नाही. नवा खेळ समजावताना, एखादं मूल रडत असताना, दोघांचं भांडण सोडवताना मराठीच हवी. पण रोज लागणाऱ्या वीस-पंचवीस सूचना ठरवून घ्याव्यात, वर्षभर त्याच शब्दांत द्याव्यात आणि त्यांचं मराठी पाठोपाठ म्हणू नये. आज "टेक आउट युवर नोटबुक्स", उद्या "गेट युवर बुक्स आउट", परवा "नोटबुक्स, प्लीज", अशी विविधता आपल्या जिभेला रुचते, पण नवख्या कानाला ती तीन वेगळी कोडी वाटतात.

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडच्या शाळांत कोरकू घरातलं मूल येतं, तेव्हा त्याच्यासाठी 'बसा' हीसुद्धा परक्या भाषेतली सूचना असते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. त्या मुलाला 'सिट डाउन'चा अर्थ 'बसा' असा सांगून काय उपयोग? तिथल्या शिक्षकाला हाताने, नजरेने, करून दाखवूनच शिकवावं लागतं. इंग्रजीच्या तासाला बाकी महाराष्ट्राने त्या शिक्षकाकडून शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र सगळ्या शाळांत राहून जाते. मराठी शाळेतल्या मुलाला स्वतःच्या तोंडची दोन इंग्रजी वाक्यं हमखास येतात, "मे आय कम इन सर" आणि "मे आय गो आउट सर". आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं. आत असताना, काही कळलं नाही तर म्हणायचं वाक्य त्याला कुणी दिलेलं नसतं. "प्लीज से इट अगेन." "आय डोंट अंडरस्टँड." "व्हॉट इज धिस इन इंग्लिश?" ही वाक्यं पहिल्या आठवड्यात भिंतीवर लागली पाहिजेत, आणि मुलाने ती म्हटली की बाईंनी न कंटाळता पुन्हा सांगितलं पाहिजे. 'प्लीज'ही तेव्हाच शिकवावा. मराठीत "खडू द्या" म्हटलं की 'द्या'मध्येच आदर असतो. मूल त्याचं "गिव्ह चॉक" करतं आणि तो आदर वाटेत गळून पडतो. मूल उद्धट नसतं. आदर ठेवायला इंग्रजी क्रियापदात जागाच नाही, तो वेगळ्या शब्दात ठेवावा लागतो, हे त्याला माहीत नसतं.

एका शाळेत मी 'शिवाजी सेज' चाललेला पाहिला. राज्य आलेली मुलगी दुसरीतली, दोन वेण्या, हातात पट्टी. वर्ग तिच्या हुकमावर उठत-बसत होता. बाईही मुलांच्या रांगेत जाऊन खाली बसल्या होत्या. मुलीचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. मराठीत ती त्यांना कधीही "ऊठ" म्हणाली नसती, "उठा" म्हणाली असती. इंग्रजीत दोन्हीला एकच 'स्टँड अप'. ती अडली. पट्टी खाली घेतली, जरा विचार केला, आणि मग म्हणाली, "शिवाजी सेज, बाई, प्लीज स्टँड अप."

बाई उभ्या राहिल्या.