एका चुलीवरचे दोन उपवास

२०२५ साली ५ मार्च रोजी राखेचा बुधवार होता. रमजानचे रोजे आपल्या देशात त्याच्या तीन दिवस आधी, २ मार्चला सुरू झाले होते. सायंकाळच्या मिस्सेनंतर कपाळावरची राख तशीच ठेवून एक भगिनी देवळाच्या ओसरीवर माझी वाट पाहत उभी होती. ती आपल्याच गावची लेक, लग्नानंतर पतीसमवेत शहरात राहते. पती मुसलमान आहे. "फादर," ती म्हणाली, "पहाटे चारला उठून मी त्यांच्या सहेरीसाठी भाकरी भाजते. आई म्हणते, हे पाप आहे. खरेच का हो?"

प्रश्न ऐकून मी वरमलो. कारण तिच्या लग्नाच्या वेळी तिची आई माझ्याकडे रडत आली असता, 'त्या घरच्या रीतिभातींना हात लावू नकोस म्हणावे लेकीला,' असे मीच घाईघाईने बोलून गेलो होतो. त्या माउलीने माझे वाक्य जपून ठेवले होते, आणि त्यापायी लेकीच्या घरी जाणेही सोडले होते.

वाचकहो, प्रथम रोजा म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. पहाट फुटण्यापूर्वी खाणेपिणे आटोपायचे ते सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. मार्चच्या आरंभी आपल्याकडे हे सुमारे तेरा तास होतात. पतिपत्नींचा संगही दिवसा वर्ज्य, रात्री मोकळा. आजारी, प्रवासी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना सवलत आहे. मुसलमानांचे वर्ष चंद्रावर चालते व आपल्या वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान सर्व ऋतूंतून फिरत राहतो. आपल्या प्रायश्चित्तकाळाशी त्याची अशी गाठ पडते ती त्यामुळेच.

आणि आपला उपवास? राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार एवढे दोनच दिवस सक्तीचे. त्यातही एकदा पोटभर जेवण्यास मुभा आहे. त्या भगिनीने हसत कबूल केले, "फादर, ते तेरा तास पाण्याविना राहतात, आणि शुक्रवारी मासळी मिळाली नाही की मी कुरकुरते." (हे वाक्य आमच्या काही पुरुषमंडळींनीही ऐकायला हवे होते.)

तिला मी जे सांगितले, ते येथे लिहितो. पतीसाठी भाकरी भाजणे हे पाप नव्हे. त्यात तू त्याची श्रद्धा स्वीकारीत नाहीस, त्याची भूक ओळखतेस. त्याच्यासोबत दिवसभर उपाशी राहावेसे वाटले, तर तेही करता येईल. मात्र ते आपल्या प्रभूच्या चाळीस दिवसांचे स्मरण म्हणून कर, प्रार्थना आपली म्हण, आणि पतीलाही तसे मोकळेपणी सांग. सासूबाईंना बरे वाटावे म्हणून रोज्याचे सोंग करू नकोस. सोंगाने दोन्ही धर्मांचा अपमान होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मुसलमानांच्या प्रार्थनेचा, दानधर्माचा व उपवासाचा आदराने उल्लेख केला आहे. तो आदर घरात आला म्हणून ख्रिस्तसभेचे काही बिघडत नाही.

स्वयंपाकघरातल्या गोष्टींवरून खटके उडतात, पण त्या बोलून सुटतात. दिवसा मिठाची चव पाहायला पतीला बोलावू नये. डुकराचे मांस त्या घरात शिजवू नये. त्यानेही शुक्रवारी तिच्या ताटात मटण वाढण्याचा आग्रह धरू नये. एवढे समंजस माणसांना जमते.

खरा पेच निराळा होता, आणि तो तिने शेवटी काढला. मुलगा सात वर्षांचा. त्याने या वर्षी एक रोजा ठेवावा, नातेवाईक जमवून त्याचे कौतुक करावे, अशी आजोबांची इच्छा. वास्तविक इस्लाममध्येही वयात येईपर्यंत मुलावर रोज्याची सक्ती नसते. पण आजोबांचे प्रेम सक्तीचा विचार करीत नाही. उलट बाजूने, बिशपांची परवानगी घेताना या मुलीने वचन दिले होते, की मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथॉलिक श्रद्धेत व्हावे म्हणून मी शक्य ते सर्व करीन. पूर्वी अशी हमी दोघांकडूनही घेतली जाई. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी नियम बदलला, आणि आता बिगरकॅथॉलिक जोडीदाराला त्या वचनाची फक्त स्पष्ट जाणीव दिली जाते. माझ्या मते येथेच पुष्कळ घरांचा घोटाळा होतो. जाणीव दिली जाते लग्नाच्या धांदलीत, आणि आठवते मूल सात वर्षांचे झाल्यावर.

मी तिला विचारले, "त्यांना आठवते का?" ती म्हणाली, "त्यांना आठवते. त्यांच्या वडिलांना कोणी सांगितलेच नाही."

ते सांगणे पतीचे काम होते, तिचे नव्हे, माझे तर नव्हेच. तेवढेच मी तिला सुचवले. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले, की विश्वास न ठेवणारा पती सुखाने नांदत असेल तर पत्नीने त्याला सोडू नये. हे त्याने आधीच विवाहित असलेल्यांना लिहिले होते. आपल्या तरुणांनी ते वाचून मिश्रविवाहाला सहज निघावे, असा त्याचा अर्थ मी कधीच करणार नाही. दोन उपवास एका चुलीवर ठेवणे किती कठीण असते, हे मी पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईकडे गेलो व आपले जुने वाक्य मागे घेतले. तिने मला चहा दिला, पण उत्तर दिले नाही.

त्या महिन्यातल्या एका शुक्रवारी ती लेकीकडे गेली, सूर्य मावळायला थोडा वेळ असताना. जावयाने पाणी पुढे केले, ती म्हणाली, "राहू दे, तुमच्याबरोबरच घेईन." रोजा सुटला तेव्हा ताटात खजूर, कलिंगड आणि बटाट्याची भजी होती. मटण कोणी आणले नव्हते. मुलाच्या रोज्याविषयी बोलणे मात्र त्या दिवशी झाले नाही. आजोबा ईदनंतर सवडीने बसू म्हणाले आहेत, असे तिने मला कळवले.