स्वयंचलित एक्सपोजर असलेल्या फिल्म रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची विश्वासार्हता

स्वयंचलित एक्सपोजर असलेला फिल्म रेंजफाइंडर कॅमेरा म्हणजे ज्यात अंतर जुळवण्यासाठी रेंजफाइंडर वापरला जातो आणि फिल्मवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा हे कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते असा कॅमेरा होय. मिनोल्टा सीएलई, कोनिका हेक्सार आरएफ, लायका एम७, फोक्टलेंडर बेसा आर२ए व आर३ए आणि झाइस इकॉन हे या वर्गातील प्रमुख ३५ मिमी कॅमेरे होत. मध्यम आकाराच्या फिल्मसाठी मामिया ७ हा कॅमेरा प्रसिद्ध आहे.

या कॅमेऱ्यांची विश्वासार्हता दोन वेगवेगळ्या प्रश्नांवर अवलंबून असते. कॅमेरा किती काळ बिनचूक चालतो हा पहिला प्रश्न. बिघडल्यावर त्याचे काय काम शिल्लक राहते आणि तो दुरुस्त होऊ शकतो का, हा दुसरा. पहिल्या कसोटीवर इलेक्ट्रॉनिक शटर बहुधा यांत्रिक शटरच्या बरोबरीचे किंवा सरस ठरते. दुसऱ्या कसोटीवर ते मागे पडते. फिल्म कॅमेऱ्यात चित्र लगेच दिसत नसल्याने ३६ चित्रांचा संपूर्ण रोल धुऊन येईपर्यंत दोष लक्षात न येण्याची शक्यता असते. म्हणून पुन्हा टिपता न येणाऱ्या प्रसंगांच्या छायाचित्रणात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

कार्यपद्धती

रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा व्ह्यूफाइंडरमध्ये एकमेकींवर पडतात. लेन्सचे कडे फिरवून त्या जुळवल्या की फोकस साधला जातो. ही रचना प्रकाशीय आणि यांत्रिक असून हाताने फोकस करायच्या कॅमेऱ्यांत तिला विजेची गरज नसते.

या वर्गातील बहुतेक कॅमेऱ्यांत छायाचित्रकार अ‍ॅपर्चर निवडतो आणि कॅमेरा त्यानुसार शटरचा वेग ठरवतो. लेन्समधून आलेला प्रकाश शटरच्या पडद्यावरून किंवा पात्यांवरून परावर्तित होऊन सिलिकॉनच्या प्रकाशसंवेदी घटकावर पडतो. त्यावरून इलेक्ट्रॉनिक मंडल आवश्यक वेळ काढते. शटरचा पहिला पडदा सुटल्यावर दुसरा पडदा विद्युतचुंबकाने धरून ठेवला जातो आणि ठरलेली वेळ संपताच सोडला जातो. यांत्रिक शटरमध्ये हेच काम स्प्रिंग आणि दातेरी चक्रांची साखळी करते. मिनोल्टा सीएलईमध्ये प्रत्यक्ष एक्सपोजर चालू असतानाच पडद्यावरून व फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजला जातो.

इतिहास

लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर १९३२ मध्ये लायका २ आणि काँटॅक्स या कॅमेऱ्यांत आला. १९५४ मध्ये आलेल्या लायका एम३ ने या प्रकाराला स्थिर रूप दिले. हे सर्व कॅमेरे पूर्णपणे यांत्रिक होते. इलेक्ट्रॉनिक शटर आणि स्वयंचलित एक्सपोजर सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवण्यात १९६६ च्या यशिका इलेक्ट्रो ३५ या न बदलता येणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्याचा मोठा वाटा आहे. लेन्स बदलता येणाऱ्या एम-माउंट कॅमेऱ्यांत ही सोय १९८० च्या दशकाच्या आरंभी मिनोल्टा सीएलईने आणली.

१९९० च्या दशकात आणि त्यानंतर असे अनेक कॅमेरे आले. क्योसेराने काँटॅक्स जी१ (१९९४) आणि जी२ (१९९६) हे स्वयंचलित फोकसचे कॅमेरे काढले. मामिया ७ हा १९९५ मध्ये, कोनिका हेक्सार आरएफ १९९९ मध्ये आणि लायका एम७ हा २००२ मध्ये आला. जपानच्या कोसिना कंपनीने २००४ मध्ये बेसा आर२ए व आर३ए बाजारात आणले. झाइस इकॉन हा कॅमेराही तिनेच तयार केला. पुढे हे सर्व कॅमेरे एकामागून एक बंद झाले. लायका एम७ चे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. लायकाने त्यानंतरही चालू ठेवलेले एमपी व एम-ए आणि २०२२ मध्ये पुन्हा आणलेला एम६ हे तिन्ही फिल्म कॅमेरे यांत्रिक शटरचे आहेत.

बॅटरीवरील अवलंबित्व

इलेक्ट्रॉनिक शटरच्या कॅमेऱ्यात बॅटरी संपणे हा खरे तर बिघाड नव्हे, पण परिणामाच्या दृष्टीने तो बिघाडासारखाच असतो. मिनोल्टा सीएलई, हेक्सार आरएफ, बेसा आर२ए व आर३ए, झाइस इकॉन आणि मामिया ७ यांचे शटर बॅटरीशिवाय चालत नाही. हेक्सार आरएफ आणि काँटॅक्स जी या कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकवण्याचे कामही मोटर करते.

लायका एम७ मध्ये मधला मार्ग निवडलेला आहे. बॅटरी नसतानाही त्याचे शटर सेकंदाच्या १/६० आणि १/१२५ या दोन वेगांवर यांत्रिक पद्धतीने चालते. यशिका इलेक्ट्रो ३५ बॅटरीविना सुमारे १/५०० या एकाच वेगावर चालतो. भर उन्हात अ‍ॅपर्चर बदलून या वेगांवर काम निभावता येते. घरातील मंद प्रकाशात १/५०० उपयोगी पडत नाही.

बेसा मालिकेत ही तुलना स्पष्टपणे दिसते. आर२ए आणि आर३ए यांच्या जोडीला कोसिनाने २००६ मध्ये आर२एम आणि आर३एम हे जवळजवळ तशाच बांधणीचे कॅमेरे आणले. ‘ए’ प्रकारात स्वयंचलित एक्सपोजर आहे, पण बॅटरी अनिवार्य आहे. ‘एम’ प्रकारात बॅटरी केवळ प्रकाशमापकासाठी लागते आणि शटरचे सर्व वेग तिच्याशिवाय मिळतात. मात्र वेग हाताने निवडावा लागतो.

बॅटरीच्या प्रकारालाही महत्त्व आहे. सिल्व्हर ऑक्साइडच्या एसआर४४ बॅटरीचा दाब बराच काळ स्थिर राहून शेवटी झपाट्याने उतरतो. अल्कलाइन एलआर४४ चा दाब वापराबरोबर हळूहळू घटतो. जुन्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या पाऱ्याच्या बॅटऱ्या पर्यावरणीय निर्बंधांमुळे बाजारातून गेल्या. १.३५ व्होल्टच्या अशा बॅटरीऐवजी १.५ व्होल्टची बॅटरी घातल्यास काही प्रकाशमापक चुकीचे माप दाखवतात.

बिघाडाचे प्रकार

यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक शटर वेगवेगळ्या रीतीने बिघडतात. यांत्रिक शटरमधील वंगण सुकते, स्प्रिंगचा ताण बदलतो आणि वेग, विशेषतः १ सेकंद ते १/१५ यांसारखे संथ वेग, हळूहळू चुकू लागतात. कॅमेरा चालू राहतो, पण त्याचे वेग लिहिलेल्या आकड्यांशी जुळत नाहीत. इलेक्ट्रॉनिक शटरचा कालमापक वर्षानुवर्षे अचूक राहतो. मात्र मंडलातील एखादा घटक निकामी झाला, जोड सुटला किंवा विद्युतचुंबकाच्या पृष्ठभागावर मळ साचला, तर शटर एकाएकी बंद पडते किंवा अनियमित चालते. त्यामुळे यांत्रिक शटर नेहमीच अधिक विश्वासार्ह, हे विधान सरसकट खरे नाही. नियमित देखभाल न झालेल्या यांत्रिक कॅमेऱ्यापेक्षा चालू स्थितीतील इलेक्ट्रॉनिक कॅमेरा अधिक अचूक एक्सपोजर देऊ शकतो.

काही दोष विशिष्ट रचनेशी निगडित असतात. यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये आतील एक लहान मऊ गादी कालांतराने झिजते व विरघळते. त्यामुळे विद्युत संपर्क नीट जुळत नाहीत आणि स्वयंचलित यंत्रणा चुकते. फिल्मच्या डबीवरील डीएक्स संकेत वाचून संवेदनशीलता निश्चित करणाऱ्या कॅमेऱ्यांत संपर्क मळले की चुकीची संवेदनशीलता धरली जाते. अशा वेळी ती हाताने निवडणे हा सोपा उपाय असतो.

रेंजफाइंडरचे समायोजन बिघडणे हा एक्सपोजरशी संबंध नसलेला दोष आहे. धक्का बसल्यास दोन प्रतिमा आडव्या किंवा उभ्या दिशेने सरकतात. आडवा दोष राहिला तर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून जवळून काढलेली चित्रे धूसर येतात. हा दोष यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही प्रकारच्या कॅमेऱ्यांत होतो.

प्रकाशमापनाची मर्यादा हा मात्र बिघाड नव्हे. मापक समोरचे दृश्य मध्यम उजळ असल्याचे गृहीत धरतो. त्यामुळे पांढऱ्या भिंतीसमोरील व्यक्ती किंवा पाठीमागे ऊन असलेला चेहरा काळवंडतो. रंगीत निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश बराच सहन करते. स्लाइड फिल्मवर अर्ध्या स्टॉपची चूकही जाणवते. म्हणून एकच कॅमेरा निगेटिव्ह वापरणाऱ्याला निर्दोष आणि स्लाइड वापरणाऱ्याला सदोष वाटू शकतो.

हवामानाचा परिणाम

विद्युत संपर्क, बॅटरी आणि लेन्स या तिन्हींवर हवामानाचा परिणाम होतो. महाराष्ट्रात एकाच ठिकाणी वर्षभरात परस्परविरोधी परिस्थिती येते. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील गोदावरीकाठचे सायखेडा हे गाव याचे उदाहरण होय. निफाड तालुका राज्यातील हिवाळ्याच्या नीचांकी तापमानासाठी ओळखला जातो. तेथे काही हिवाळ्यांत पहाटेचे तापमान ५ अंश सेल्सियसच्याही खाली गेले आहे. उन्हाळा कडक असतो, तर पावसाळ्यात नदीकाठची हवा दमट असते. २०१६ आणि २०१९ मध्ये गोदावरीच्या पुराचे पाणी गावात शिरले होते. अशा प्रसंगाचे चित्र दुसऱ्यांदा टिपता येत नाही आणि नेमक्या त्याच वेळी कॅमेऱ्याला ओलाव्याचा धोका सर्वाधिक असतो.

थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते व अल्कलाइन बॅटरी अकाली संपल्यासारखी वागते. लिथियम बॅटरी अशा तापमानात अधिक टिकाव धरते. सुटी बॅटरी अंगावरच्या कपड्यांत उबेला ठेवली तर ती ऐन वेळी कामी येते. थंड कॅमेरा एकदम उबदार, दमट खोलीत आणल्यास आत दव धरते. तो पिशवीत बंद ठेवून हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ देणे हितावह असते.

पावसाळ्यात लेन्स व व्ह्यूफाइंडरच्या काचांवर बुरशी वाढते आणि बॅटरीच्या कप्प्यातील संपर्कांवर गंज चढतो. कॅमेरा चामड्याच्या पेटीत महिनोन्‌महिने बंद ठेवल्याने ही हानी वाढते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवणे, ते जेल वेळोवेळी गरम करून कोरडे करणे आणि वापर नसताना बॅटरी काढून ठेवणे हे प्रचलित उपाय आहेत. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेल्या कॅमेऱ्यातील वंगण पातळ होऊन शटरच्या पात्यांवर उतरू शकते.

दुरुस्ती आणि सुटे भाग

यांत्रिक कॅमेऱ्याचे झिजलेले चक्र किंवा स्प्रिंग कुशल कारागीर नव्याने घडवू शकतो अथवा दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढून बसवू शकतो. विशिष्ट कॅमेऱ्यासाठी बनवलेले इलेक्ट्रॉनिक मंडल असे घडवता येत नाही. ते मिळण्याचा मार्ग म्हणजे निर्मात्याचा साठा किंवा दुसरा निकामी कॅमेरा. काँटॅक्स कॅमेऱ्यांचा व्यवसाय क्योसेराने २००५ मध्ये बंद केला. कोनिका आणि मिनोल्टा २००३ मध्ये एकत्र आल्या आणि २००६ मध्ये ती कंपनी कॅमेरा व्यवसायातून बाहेर पडली. त्यामुळे हेक्सार आरएफ आणि सीएलई या दोन्ही कॅमेऱ्यांमागे मूळ निर्माता उरला नाही. अशा कॅमेऱ्यात मंडल जळाले, तर बाकी सर्व भाग उत्तम असूनही तो निरुपयोगी ठरू शकतो.

वापरलेल्या कॅमेऱ्याची तपासणी

हे कॅमेरे आता मुख्यतः वापरलेल्या स्थितीतच मिळतात. खरेदीपूर्वी बॅटरीचा कप्पा उघडून गंज पाहिला जातो. दूरच्या मनोऱ्यावर किंवा डोंगरकड्यावर फोकस अनंतावर ठेवला असता रेंजफाइंडरमधील दोन प्रतिमा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. स्थिर प्रकाशातील एकाच भिंतीकडे कॅमेरा रोखून अ‍ॅपर्चर एफ/४ वरून एफ/८ केल्यास कॅमेऱ्याने निवडलेला वेळ चौपट झाला पाहिजे. उदाहरणार्थ, १/१२५ ऐवजी १/३०. शटर दहा-वीस वेळा सलग चालवून पाहिल्यास अनियमितपणा उघड होतो.

अंतिम चाचणी मात्र फिल्मवरच होते. ज्ञात प्रकाशात एक रोल काढून, प्रत्येक चित्राचे अ‍ॅपर्चर लिहून ठेवून आणि तो धुऊन पाहूनच कॅमेऱ्याच्या मापनाची खात्री पटते. महत्त्वाच्या प्रसंगी जाणारे छायाचित्रकार अशी चाचणी झाल्यावरही सुटी बॅटरी आणि शक्य असल्यास एक यांत्रिक शटरचा दुसरा कॅमेरा बरोबर बाळगतात.