कुत्रा आणि लांडगा

कुत्रा हा लांडग्याच्याच कुळातला. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचे पिल्लू होते. दातांवरील खुणा सांगतात की पिल्लू कित्येक आठवडे आजारी होते, बहुधा डिस्टेंपरने. राखणीच्या उपयोगाचे नसलेले ते पोर कोणीतरी जपले. याला माया नाही तर काय म्हणावे?

लांडगा मात्र भाकरीला बधला नाही. आम्ही धनगर. त्याने कोकरू नेले की घरात कोणी धड जेवत नाही. तरी विष घालणे मला पटत नाही. आमच्या मेंढ्या चरतात तो माळ त्याचाही आहे. शिवाय १९७२ च्या कायद्याचे त्याला संरक्षण आहे. तोच डिस्टेंपर आज आपल्या कुत्र्यांकडून त्याला लागू शकतो. म्हणून यंदा वाड्यावरच्या दोन्ही कुत्र्यांना लस टोचून आणली. तात्या म्हणाले, "कॉलेजात हे शिकवतात होय?"